पाकिटाला नेमकं काय विचारायचं?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला पेच थोडक्यात देते. बाईंचं वय ४२. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला उच्च रक्तदाब असल्याचं कळलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. तेव्हापासून किराणा घेताना त्या प्रत्येक पाकीट उलटं करून वाचतात: कॅलरी, फॅट, साखर, सोडियम, घटकांची यादी, आकड्यांचे ते कोड, सगळं. अर्ध्या तासात होणारी खरेदी आता दोन तास चालते, तरी घरी आल्यावर वाटतं की काहीतरी चुकीचंच उचलून आणलं. नवरा फक्त तारीख आणि किंमत बघतो, बाईंच्या वाचण्याला 'वेड' म्हणतो, आणि दुकानातच दोघांची भांडणं होतात. पत्र लिहायचं खरं कारण मात्र मुलगी आहे. ११ वर्षांच्या या मुलीने परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला नाही. विचारल्यावर म्हणाली, "त्यात केमिकल असतील, आई." बाई विचारतात, "मी नक्की काय बघायला हवं आणि काय सोडून द्यायला हवं? की वाचणंच बंद करू?"

प्रिय ताई,

वाचणं बंद करू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची दमणूक जाणवली. दुसऱ्यांदा एक गोष्ट खटकली: तुम्ही काय काय वाचता याची लांबलचक यादी पत्रात आहे, पण काय शोधता हे एकदाही आलेलं नाही. माझ्या मते दोन तास तिथेच जातात. रेल्वेचं वेळापत्रक कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. कुठे जायचंय ते ठाऊक असतं, तेवढी ओळ शोधतो आणि पुस्तक मिटतो. लेबलाचंही तसंच आहे. त्या चिमुकल्या चौकटीत कितीतरी वेगवेगळ्या माणसांच्या प्रश्नांची उत्तरं कोंबलेली असतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याचा प्रश्न वेगळा, मधुमेह्याचा वेगळा, वजन वाढवू पाहणाऱ्या खेळाडूचा वेगळा, एखादी गोष्ट श्रद्धेपोटी न खाणाऱ्याचा वेगळा. या सगळ्यांची उत्तरं तुम्ही एकट्या वाचत उभ्या आहात. तुमच्या घरापुढचा प्रश्न सध्या एकच आहे, आणि तो डॉक्टरांनीच तुमच्या हातात दिला आहे: मीठ.

मिठाकडे येतेच. त्याआधी तुमच्या नवऱ्याची थोडी बाजू घेते.

२०११ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना पडद्यावर किराण्याच्या ६४ वस्तू दाखवल्या, 'ही घ्याल का?' असं विचारलं, आणि माणसाची नजर नेमकी कुठे जाते हे यंत्राने टिपलं. कॅलरीचा आकडा आपण जवळजवळ नेहमी बघतो, असं साधारण एक तृतीयांश लोकांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक वस्तूवर तो बघणारे शंभरात नऊच निघाले. माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. बघायला हवं हे पटलेलं असतं, म्हणून बघतो असंही वाटत राहतं. तुमचा नवरा निदान प्रामाणिकपणे सांगतो की तो तारीख आणि किंमत बघतो. आणि तुम्हीही वेड्या नाही आहात. माणूस आजारी पडला म्हणून घाबरलेल्या आहात, आणि भीतीला काहीतरी काम हवं असतं.

तारीख बघतो हे तर चांगलंच आहे. तिच्या दोन जाती असतात, एवढं फक्त त्याला सांगा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास पूर्वीसारखा राहील. ती तारीख उलटलेलं बंद पाकीट त्याच दिवशी विषारी होत नाही. 'यूज बाय' ही मात्र सुरक्षिततेची तारीख असते आणि लवकर नासणाऱ्या पदार्थांवर असते. तिच्याशी तडजोड करायची नाही, वास चांगला येत असला तरी.

आता मीठ.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम (मिठातला रक्तदाबाशी संबंध असलेला घटक) घ्यायला सांगते. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे हे झालं ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, चहाचा जेमतेम एक चमचा. यात सगळं आलं: स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं आणि पाकिटातून आलेलं. डॉक्टरांनी तुमच्या नवऱ्यासाठी वेगळी मर्यादा सांगितली असेल तर अर्थातच ती खरी. काही देशांत लेबलावर सोडियम लिहितात, काही ठिकाणी मीठ. दोन वेगळ्या ठिकाणची पाकिटं शेजारी ठेवून तुलना करताना ही अडीचपट विसरलात तर फसगत होते, कारण 'सोडियम ०.८ ग्रॅम' हे 'मीठ १.५ ग्रॅम'पेक्षा कमी दिसतं आणि प्रत्यक्षात जास्त असतं.

लक्षात ठेवायला दोनच आकडे देते: १२० आणि ६००. ब्रिटनमध्ये २०१३ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूला हिरवा, पिवळा, लाल असे रंग छापायची एक ऐच्छिक पद्धत आहे. तिथे १०० ग्रॅम पदार्थात ०.३ ग्रॅमपर्यंत मीठ असेल तर हिरवा आणि १.५ ग्रॅमच्या वर गेलं तर लाल. सोडियममध्ये मोजलं तर हेच १२० आणि ६०० मिलिग्रॅम. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही 'लो सोडियम' म्हणायला १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमचीच मर्यादा आहे. तुमच्या पाकिटावर रंग नसतील, हरकत नाही. सोडियमची ओळ शोधा, १०० ग्रॅमचा रकाना बघा, १२० च्या आत, मधे की ६०० च्या पुढे एवढंच ठरवा. पाच सेकंदांचं काम आहे.

घटकांच्या यादीत 'मीठ' हा शब्द शोधत बसू नका. सोडियम खाण्याच्या सोड्यातून येतो, चव वाढवणाऱ्या ग्लुटामेटमधून येतो, टिकवण्यासाठी घातलेल्या सोडियम बेन्झोएटमधूनही थोडा येतो. तक्त्यातल्या आकड्यात या सगळ्यांची बेरीज झालेली असते.

इथे एक गंमत आहे, ती नीट बघा, कारण बहुतेक घरांत गाडं इथेच अडतं. समजा एका सॉसमध्ये १०० ग्रॅमला ३,००० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पावात ४५०. सॉस तुम्ही घाबरून परत ठेवाल आणि पाव टोपलीत टाकाल. पण सॉस पानात येतो चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम धरा. त्यातून मिळाले १५० मिलिग्रॅम. पावाच्या चार स्लाइस मात्र सहज १२० ग्रॅम होतात, म्हणजे ५४० मिलिग्रॅम. खारट लागणाऱ्या वस्तूपेक्षा रोज पोटभर खाल्ली जाणारी मध्यम वस्तू जास्त मीठ देते. १०० ग्रॅमचा रकाना दोन पाकिटांची तुलना करायला असतो; पोटात किती जाणार हे आपण किती खातो यावर ठरतं. म्हणून रोज खाल्ल्या जाणाऱ्या चार-पाच वस्तूंकडे आधी बघा. महिन्यातून एकदा येणारी चटकमटक वस्तू किती का खारट असेना, तिच्यासाठी दुकानात भांडू नका.

आणि आता ज्या पाकिटाची मागची बाजू तुम्ही बहुधा वाचलीच नसेल, त्याच्याबद्दल बोलू. मिठाचं पाकीट.

काही देशांत लोकांच्या पोटात जाणारं बहुतेक मीठ तयार पदार्थांतून आणि बाहेरच्या खाण्यातून येतं. अमेरिकेतल्या अशा एका पाहणीत हा वाटा सुमारे ७० टक्के निघाला होता. पण ज्या घरात दोन वेळचं जेवण चुलीवर शिजतं तिथे हे गणित पार उलटं असू शकतं. तुमचं घर कुठल्या बाजूला आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही मात्र फुकटात शोधू शकता. मिठाचं नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहा. संपलं की दिवस मोजा. समजा तिघांच्या घरात १ किलोचं पाकीट ५० दिवसांत संपलं. १,००० ग्रॅम भागिले १५०, म्हणजे माणशी रोज साडेसहा ग्रॅमच्या वर. काही मीठ भांड्यातल्या पाण्याबरोबर वाहून जातं, पाहुणे येतात, हिशेब ढोबळच राहणार. पण उत्तर असं आलं तर उघड आहे की दुकानातल्या तयार पदार्थाचा एक घासही खाण्याआधीच मर्यादा ओलांडलेली आहे, आणि दुकानातले तुमचे दोन तास चुकीच्या जागी खर्च होताहेत. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही घरातली सगळी खारी बिस्किटं हद्दपार केली होती आणि जेवणाच्या टेबलावरची मीठदाणी तशीच ठेवली होती. ती उचलायचं कुणाला सुचायला वर्ष गेलं.

मीठ एकदम तोडू नका, आठवड्या-आठवड्याने कमी करा. जीभ जुळवून घेते. आणि 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. अनेकांना ते उपयोगी पडतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

आता तुमच्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी. काय सोडून द्यायचं, असं तुम्ही विचारलंत.

बारीक फरक सोडून द्या. एका पाकिटात साखर १८ ग्रॅम आणि दुसऱ्यात १९, यावर तुम्ही विचार करत उभ्या राहत असाल तर तो विचार खरंच वाया जातोय. लेबलावरचे आकडे सरासरीचे असतात. धान्य, दूध, फळं यांच्यात निसर्गतःच कमीजास्त होतं, म्हणून नियमही सूट देतात. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक सूचनांत १०० ग्रॅममागे १० ते ४० ग्रॅम साखर असलेल्या पदार्थासाठी ही सूट दोन्ही बाजूंना २० टक्के आहे. म्हणजे १८ आणि १९ हे एकच. फरक दीडपट-दुप्पट असेल तेव्हाच पाकीट बदला.

'एका वाढणीत' किंवा 'पर सर्व्ह' असं लिहिलेला रकाना तुलनेसाठी सोडून द्या. वाढणी किती ग्रॅमची हे अनेक ठिकाणी कंपनीच ठरवते. एका पाकिटावर ती २० ग्रॅमची आणि शेजारच्यावर ३५ ची असली की तुलना तिथेच बिघडते. १०० ग्रॅमचा रकाना छापलेलाच नसेल (अमेरिकेत वाढणीमागचेच आकडे सक्तीचे आहेत) तर आधी वाढणीचं वजन बघा आणि मग आकडा.

पाकिटाची पुढची बाजू जवळजवळ सगळीच सोडून द्या. वनस्पती तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिलेलं असतं. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असतं. त्यामुळे शेजारच्या प्रत्येक तेलाला ते तितकंच लागू आहे. 'मल्टिग्रेन' म्हणजे धान्यं एकाहून जास्त, एवढंच. ती कोंड्यासकट आहेत की पांढरी करून घातली आहेत हे त्यातून कळत नाही. ते हवं असेल तर मागे फायबर बघा. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे १०० ग्रॅमला ३ ग्रॅम असेल तर 'स्रोत' म्हणता येतं, ६ असेल तर 'भरपूर'. 'साखर घातलेली नाही' असं म्हणणाऱ्या फळांच्या रसात फळाची म्हणून जी साखर असते ती बऱ्याचदा थंड पेयाइतकीच भरते, १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना रसातल्या साखरेला कमी करायच्या साखरेतच धरते. तुमच्या कामाचा शब्द असेल 'कमी मीठ'. त्यापुढे कशापेक्षा कमी हे लिहिलेलं आहे का बघा. आंतरराष्ट्रीय मानकांत अशा तुलनात्मक दाव्याला किमान २५ टक्के फरक लागतो. पण मूळ पदार्थात १,२०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर पाव भाग काढल्यावरही ९०० उरतं. पुन्हा तोच १२० आणि ६००.

पुढच्या बाजूचा एकच अपवाद: सरकारने सक्तीने छापायला लावलेल्या खुणा. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, सोडियम, संपृक्त मेद किंवा उष्मांक ठरावीक मर्यादेबाहेर असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोन छापावा लागतो. जोडीला अशा पदार्थांच्या मुलांसाठीच्या जाहिरातींवरही बंधनं आली. त्यानंतर तिथे अष्टकोनवाल्या गोड पेयांची खरेदी जवळजवळ पाव भागाने घटली. लोकांनी अचानक मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली असं नव्हे. वाचायची गरजच उरली नाही. तुमच्याकडे अशी खूण असेल तर तिच्यावर विसंबायला हरकत नाही. नसेल तर एक ध्यानात घ्या: जे काम एका अष्टकोनाने होऊ शकतं ते तुमच्या डोळ्यांना करावं लागतंय. दोन तास लागण्यामागे एवढं साधं कारणही आहे.

घटकांची यादी सोडू नका, पण पहिली तीन नावं वाचून थांबा. जगभरात बहुतेक ठिकाणी ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पदार्थ मुख्यत्वे कशाचा आहे ते तिथेच कळतं. साखर मात्र कधीकधी तीन-चार नावांत वाटली जाते, साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळाच्या रसाचा अर्क अशी, आणि प्रत्येकीचं वजन थोडं म्हणून सगळ्या खाली घसरतात. तशी शंका आली तर तक्त्यातला साखरेचा आकडा बघा. तिथे एक खाचखळगा आहे: दुधात निसर्गतःच १०० ग्रॅमला ५ ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते. गोड दह्याच्या डब्यावर १२ दिसले तर वरून आलेली साधारण ७. पण ताई, साखर हा सध्या तुमचा प्रश्न नाही. मिठाची घडी बसली की मग तिच्याकडे वळा. दोन्ही एकदम धरलं की काय होतं ते तुम्ही सहा महिने अनुभवताच आहात.

(ज्यांच्या घरात कुणाला अ‍ॅलर्जी आहे त्यांनी वरचं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. तुमच्यासाठी घटकांची यादी प्रत्येक वेळी, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची आहे, ओळखीच्या पाकिटाचीसुद्धा, कारण कृती न सांगता बदलते. 'अंश असू शकतो' ही सूचना अनेक देशांत ऐच्छिक आहे. ती नसणं म्हणजे हमी नव्हे. शंका असेल तर कंपनीला विचारा, नाहीतर पाकीट परत ठेवा.)

आता ते आकड्यांचे कोड, म्हणजे पदार्थात घातलेले रंग, आम्लं, टिकवणारी द्रव्यं यांचे घटकांच्या यादीत छापलेले क्रमांक. इथे मला तुमच्या एका समजुतीला हात घालायचा आहे, कारण माझ्या मते मुलीचा केक तिथेच अडकला.

३०० म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व. ३३० सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ५०० या क्रमांकाखाली खाण्याचा सोडा येतो. ९४८ चक्क प्राणवायू. नाव उच्चारायला अवघड किंवा आकड्यात लिहिलेलं असलं की पदार्थ घातक, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. क्रमांक असण्याचा अर्थ एवढाच की तो पदार्थ कुठल्यातरी तज्ज्ञ समितीने तपासून यादीत घेतलेला आहे. सगळं निर्धोकच असतं असंही मी म्हणणार नाही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी काही कृत्रिम रंगांच्या मिश्रणाचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दाखवला, आणि २०१० पासून युरोपीय संघात असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. पदार्थ टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटमुळे दमा असलेल्या काहींना त्रास होतो. म्हणजे नावानिशी विचारता येईल असे प्रश्न आहेत. 'केमिकल आहे का?' हा प्रश्न मात्र विचारता येत नाही, कारण मीठही केमिकल आहे आणि पाणीही. त्याचं उत्तर नेहमी 'हो' येतं. ज्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'हो' असतं तो प्रश्न घेऊन दुकानात शिरलं की प्रत्येक पाकीट दोषी ठरतं, आणि घरी आल्यावर चुकल्यासारखं वाटत राहतं. तुमचं पत्र नेमकं हेच सांगतंय.

भांडणाबद्दल. दुकानातला वाद दुकानात मिटणार नाही, कारण तिथे घाई असते आणि लोक बघत असतात. एखाद्या सुट्टीच्या सकाळी घरातल्या नेहमीच्या वस्तू, दहा-बारा असतील, जेवायच्या टेबलावर मांडा. नवऱ्याला म्हणा, "तू फक्त सोडियम वाच, मी लिहून घेते." रक्तदाब त्याचा आहे, ताई. त्याच्या जेवणाची काळजी तुम्ही प्रेमाने उचललीत, पण त्याच्या शरीराला लागणारा एक आकडा त्याला स्वतःला वाचता यायला हवा. बाहेर जेवताना, प्रवासात, ऑफिसात तुम्ही त्याच्याबरोबर नसणार. यादी झाली की सगळ्यात जास्त सोडियम देणाऱ्या दोन वस्तूंना पर्याय शोधा. दोनच. बाकीच्या वस्तू आता वाचायच्या नाहीत. डोळे मिटून उचलायच्या. दर चार-सहा महिन्यांनी, किंवा वेष्टनावर 'नवी चव', 'नवी कृती' असं दिसलं तर, पुन्हा एकदा बघायचं. दुकानात वाचायची ती एखाद-दुसरी नवी वस्तू. मला वाटतं खरेदी पुन्हा अर्ध्या तासावर येईल, आणि आकडे आता नवऱ्याने स्वतः वाचलेले असल्यामुळे त्याला ते तुमचं खूळ वाटणार नाही.

आणखी एक सांगते, मनावरचं ओझं थोडं उतरावं म्हणून. अमेरिकेत २००६ पासून लेबलावर ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक असलेल्या एका प्रकारच्या मेदाची) वेगळी ओळ सक्तीची झाली. ती ओळ छापायची लाज वाटून अनेक कंपन्यांनी आपल्या कृती बदलल्या. जे लोक लेबल कधीच वाचत नव्हते त्यांच्याही पोटातलं ट्रान्स फॅट त्यामुळे कमी झालं. डेन्मार्कने तर २००३ मध्येच त्यावर कायद्याने मर्यादा घातली होती. घरच्यांचं आरोग्य फक्त तुमच्या डोळ्यांवर टांगलेलं नाही.

आता लेकीबद्दल, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

अकरा वर्षांच्या मुलीला मीठ, सोडियम, मर्यादा यांतलं काही कळलेलं नसतं. तिला आईचा चेहरा कळतो. पाकीट उलटं केल्यावर कपाळावर येणारी आठी, परत ठेवतानाचा तो 'शी!', गाडीत आई-बाबांचं त्यावरून झालेलं भांडण. यातून तिने एकच गोष्ट उचलली: खाण्यात काहीतरी लपलेलं असतं, आणि बाबा आजारी पडले ते त्यामुळे. हे दुसरं ती बोलली नसेल, पण तिच्या मनात असण्याची शक्यता मला फार वाटते. म्हणून केकबद्दल समजवायच्या आधी तिला बाबांबद्दल सांगा. बाबांना काय झालंय, गोळ्या कशासाठी आहेत, मीठ का कमी करतोय, आणि ते बरे आहेत. हे बाबांनीच सांगितलं तर उत्तम.

घरात काही शब्द काही महिने बंद ठेवा: विष, केमिकल, कचरा, घाण. 'चांगलं खाणं' आणि 'वाईट खाणं'सुद्धा. त्याऐवजी 'रोजचं' आणि 'कधीतरीचं' म्हणा. मुलांना ते पटकन कळतं. केक कधीतरीचा. मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक तर खायलाच हवा असा, कारण तिथे तो सगळ्यांनी मिळून खाल्ला जातो. लेबल वाचायचं ते सध्या तिच्यासमोर नको. पुढे तिला रस वाटला तर अडीचने गुणायचं काम तिला द्या, गणित म्हणून.

काही खुणांवर मात्र लक्ष ठेवा. ती आणखी पदार्थ सोडत गेली, जेवण टाळायला कारणं सांगू लागली, वजन घटलं किंवा वाढत्या वयात वाढायचं थांबलं, मैत्रिणींकडे जाणंच टाळू लागली, तर वाट बघू नका. मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि केकची गोष्ट जशी घडली तशी सांगा. शुद्ध खाण्याच्या ध्यासापायी माणूस खाणंच आक्रसत नेतो, या प्रकाराला १९९७ मध्ये स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन डॉक्टरांनी 'ऑर्थोरेक्सिया' असं नाव दिलं. ते अजून अधिकृत निदान मानलं जात नाही, आणि एका न खाल्लेल्या केकवरून तुमच्या मुलीला ते चिकटवायचं तर अजिबात कारण नाही. पण लवकर बोललेलं सोपं पडतं.

पुढच्या वेळी किराण्याला जाल तेव्हा तिला बरोबर न्या आणि बिस्किटांच्या फळीपाशी नेऊन म्हणा, "तुला आवडेल तो एक पुडा घे." ती तो उलटा करून वाचायला लागली तर तिच्या हातातून हळूच घ्या, न वाचता टोपलीत ठेवा. संध्याकाळी तिघांनी मिळून फोडा. पहिलं बिस्किट तुम्ही खा, तिच्यासमोर, सावकाश.